धनराजभाऊंसाठी आणलेला कप

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना कप आहे. जुना असूनही जवळजवळ कोरा, आणि त्याचीच मला लाज वाटते.

आमच्या जंगलमुलखात चहा उशिरा आला. आधी लोक पेज नि आंबील पीत. मग आठवडी बाजारात चहा कंपन्यांची माणसे फुकट चहा पाजू लागली. हळूहळू हॉटेले निघाली. पण काही हॉटेलांबाहेर माझे पूर्वज खिळ्याला टांगलेले असत. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांनी त्यातूनच प्यायचे आणि स्वतःच विसळून परत टांगायचे.

पोंभुर्ण्याचे देवराव गुरुजी लहानपणी अशाच कपातून चहा प्यायले होते. पुढे ते शिक्षक झाले. शाळेतले मित्र धनराजभाऊ घरी येणार म्हणून त्यांनी मला चंद्रपूरहून आणले. ते स्वतः स्टीलच्या गिलासात पीत.

धनराजभाऊ दर रविवारी येत. गप्पा रंगत. मी भरून त्यांच्यापुढे जाई.

"आत्ताच घेतला जी," ते म्हणत. गुरुजींसारख्या बौद्ध घरचे पाणीसुद्धा त्यांच्याकडे चालत नसे.

"तुमच्या घरची चूल विझतच नाई का गा?" गुरुजी हसत. माझ्यातल्या चहावर साय धरे. धनराजभाऊ निघून गेल्यावर गुरुजींच्या पत्नी ठमाबाई मला मोगऱ्याच्या बुडाशी रिकामे करत.

"मोगऱ्याले चहाची लत लागली, तुमच्या दोस्ताले काई लागत नाई."

"राहू दे. एखाद दिवशी घेईल तो."

बावीस वर्षे गुरुजींनी त्या दिवसाची वाट पाहिली. मला वाटे, खोट माझ्यातच आहे.

यंदा गुरुजी गेले. तिसऱ्या दिवशी धनराजभाऊ आले. नेहमीच्या जागी बसले. मग गुरुजींच्या मुलीला म्हणाले, "संघप्रिया, थोडा चहा मांडतं का बाई?"

तिने चहा मांडला, मला फळीवरून काढले.

"काऊन भाऊ, आत्ताच घेतला नाई का?" ठमाबाईंनी विचारले.

"नाई वैनी. कधीच घेतला नोहता."

ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. पहिल्यांदाच मला कुणाचे ओठ लागले. समोर गुरुजींची खुर्ची रिकामी होती, आणि तरी मी सुखावलो. त्या सुखाची लाज अजून जात नाही.

मित्रांनो, कुणी प्रेमाने चहा पुढे केला, तर घ्या. तो गरम असताना घ्या. देणारा समोर बसलेला असताना घ्या.