दोन भोकांचा फॉर्म

मी तार बोलतेय, महालिंगअप्पांच्या चप्पल दुकानातली, कागद टोचून ठेवायची. खाली लाकडाची चकती, वर टोकदार वाक. त्या वाकानंच मी अप्पांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकते. बसा, पाणी घ्या. पण आधीच सांगते, माझा कुणावर विश्वास नाही. चाळीस वर्षं दुकानात काढून ज्याला संशय येत नाही, तो एक तर देव, नाहीतर गिऱ्हाईक.

जन्म उद्यमनगरातला. लेथच्या शेडमध्ये उरलेला तुकडा होते मी. अप्पांच्या वडिलांनी लेथवाल्याला दोन कप चहा पाजून मला वाकवून घेतलं.

माझ्या अंगावर पाय असतात. चकित होऊ नका. आमच्याकडं मापाची चप्पल करून मिळते. पावण्यानं, म्हणजे गिऱ्हाइकानं, कागदावर उभं राहायचं, अप्पांनी पायाभोवती पेन्सिल फिरवायची, टाचेत नाव-गाव लिहायचं आणि कागद माझ्यात टोचायचा. कागद नेहमी पाठकोरा. झेरॉक्सवाल्याकडून, छापखान्यातून वाया गेलेला गठ्ठा आणायचा आणि कोऱ्या बाजूवर पाय काढायचा. त्यामुळं आमच्याकडं कुणाच्या पायामागं कुणाची लग्नपत्रिका असते, कुणाच्या पायामागं घटक चाचणी. रोज सकाळी कारागीर गुंडू त्या दिवशी ज्यांची पाळी असेल तेवढेच पाय उतरवून नेतो आणि त्या मापानं चामडं कापतो.

कुरुंदवाडच्या एका सासऱ्यांना जावयाला न सांगता चप्पल द्यायची होती. जावई दुपारी झोपलेला असताना त्यांनी पायाचं माप उतरवून आणलं. चप्पल झाली ती जावयाला दोन बोटं मोठी. मग उलगडा झाला, चादरीबाहेर आलेला पाय मेहुण्याचा होता. तेव्हापासून अप्पा माप घेताना आधी तोंड बघतात. मी तर कागदाच्या दोन्ही बाजू बघते.

मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा अप्पांची लेक सौंदर्या सातवीत होती. हुशार, पण तिच्या दप्तरात कागद गेला की पंचगंगेत गेला. परीक्षेचं वेळापत्रक, सहलीची चिठ्ठी, काही म्हणून परत वर यायचं नाही. मग रडारड, मग अप्पांचा चढलेला आवाज, मग आणखी रडारड.

मार्चमध्ये पालकसभा झाली. तिथून येऊन अप्पांनी माझ्याखाली उभं राहून सगळी हकीकत गुंडूला सांगितली. वर्गाच्या संयोगिता मॅडम म्हणाल्या होत्या, पोरगी निष्काळजी नाही, घाबरते. घाबरलेल्या हातातून कागद सुटतो. तिला कागदांसाठी एकच जागा ठरवून द्या. आणि काही सापडलं नाही तर "कुठं टाकलंस" असं विचारू नका, "चल, शोधू" म्हणा.

"जागा पायजे म्हणत्यात मॅडम," अप्पा म्हणाले. "आपल्याकडं जागा हायच की." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

खरं सांगते, मला आवडलं नाही. पण पोरीनं पहिलाच कागद असा लावला, की मी बघत राहिले. डाव्या कोपऱ्यात, समासाच्या आत, छापील बाजू वर. चाळीस वर्षांत इतकं नीट कुणी टोचलं नव्हतं. तीन आठवडे एकही कागद हरवला नाही. तरी मी लक्ष ठेवूनच होते. तीन आठवडे गोड बोलणारं गिऱ्हाईक चौथ्या आठवड्यात अंगठा तुटला म्हणून चप्पल परत घेऊन येतं.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, तिनं तो फॉर्म आणला. आठवीला कुठले विषय घेणार त्याचा. संस्कृत किंवा टेक्निकल, दोन्हींतलं एक. टेक्निकलला वर्कशॉप, ड्रॉइंग, कानस, करवत. जागा चाळीस, आधी येईल त्याला. शनिवारी बाराच्या आत पालकांची सही होऊन फॉर्म गेला नाही, तर शाळा ठरवेल ती तुकडी. सौंदर्यानं टेक्निकलच्या चौकोनात पेनानं बरोबरची खूण केली होती. सहीची ओळ मोकळी होती.

अप्पा म्हणाले, "उद्या बघू." मला तिथंच पहिला संशय आला. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचा नंबर सांगणारा माणूस एका सहीला उद्या का म्हणतो? पोरीनं फॉर्म नेहमीसारखा कोपऱ्यातून माझ्यात टोचला.

अप्पांची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी ते बुटांच्या खोक्यांवर शिकले, हिशेब गिऱ्हाइकांच्या तोंडावर. पोरीनं मात्र पंख्याखाली, टेबलाशी, कोरड्या हातांनी काम करावं ही त्यांची इच्छा. संस्कृतला मार्क पडतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आणि पोरगी तर गुंडूशेजारी बसून चामड्यावर पानाफुलांची नक्षी काढायची. ते अप्पांना बघवायचं नाही.

मंगळवारी जोतिबाच्या यात्रेची गर्दी. दुकानात उभं राहायला जागा नाही. बिद्रीचे आकाराम पाटील एक पाय उचलून तयार, आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा संपलेला. अप्पांचा हात मागं माझ्याकडं आला आणि वरचा कागद निघाला. त्यांनी तो बघितला. किती वेळ? जीभ टाळूला लागून सुटावी इतकाच. मग उलटा करून जमिनीवर ठेवला आणि आकारामांचा पाय त्यावर. पेन्सिल फिरली. "आकाराम, बिद्री." आणि कागद माझ्यात परत आला तो पार तळव्याच्या मधोमध टोचून, पाय वर, छापील बाजू खाली.

मला दुसरा संशय आला. पण तारेला तोंड कुठलं?

गुरुवारी संध्याकाळी सौंदर्या सही घ्यायला आली. तिनं मला खिळ्यावरून उतरवलं आणि एकेक कागद चाळला. सगळे पाय. कोपऱ्यातून लटकणारा, छापील बाजू वर असलेला फॉर्म कुठंच नाही. छाप खाली गेलेल्या कागदांकडं ती कशाला बघेल? ते तर सगळेच तसे असतात. तिनं तळापर्यंत चाळलं, परत वरपासून सुरुवात केली.

अप्पांनी विचारलं, "कुठं टाकलास?"

नेमकं तेच. मॅडमनी नको म्हटलेलं.

"मी तारेला लावलाता, अप्पा."

"तार काय कागद खाती?"

असं कुणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं. मॅडमकडून दुसरा माग, अप्पा म्हणाले, हरवलं म्हणून सांग. पोरगी रडली नाही. मी अजून तिच्या हातातच होते.

"हरवलाच न्हाई तर दुसरा कशाला मागू?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "तुम्हाला संस्कृत पायजे. तुम्हीच काढला असंल."

गुंडूची हातोडी थांबली. अप्पा लाल झाले, बरंच बोलले. दुकान म्हणजे काय, बाप म्हणजे काय, वजन, विश्वास. ते सगळं मी सांगत नाही, बाप असं बोलतात. तिनं एकच केलं. माझ्यातले आपले बाकीचे सगळे कागद, वेळापत्रक, वह्यांची यादी, एकेक करून काढले आणि दप्तरात कोंबले. तीन आठवड्यांची शिस्त मिनिटभरात त्या दप्तरात बुडाली. ती परत माझ्याकडं येणार नाही हे मला कळलं.

शुक्रवारी ती दुकानात फिरकली नाही. अप्पांनी दोनदा गठ्ठ्याखाली हात घातला, टेबलाचा खण ओढला, परत लोटला. शोधत होते की शोधल्यासारखं करत होते, हे मला अजून सांगता येत नाही.

शनिवारी साडेदहाला अप्पांनीच तिला बोलावून घेतलं. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर रस्त्याकडं तोंड करून बसली. गुंडू माझ्याकडचे पाय घेऊन गेला. त्यानं एक कागद चामड्यावर पसरला, सरळ करताना तो उलटा झाला, तसा त्यानं मागचा छाप वाचला.

"मालक," तो म्हणाला, "ह्या बिद्रीच्या पावण्याच्या पायाला रोल नंबर हाय की."

सौंदर्या उठली. तिनं कागद घेतला, उजेडात धरला. दोन भोकांतून उजेड आला. एक तळव्याच्या मधोमध, फाटलेलं. एक डाव्या कोपऱ्यात, समासाच्या आत, गोल.

"हे माझं," तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आन् हे कुणाचं?"

अप्पांना सुटायला वाट होती. गर्दी होती, गठ्ठा संपला होता, पाठकोरा वाटला. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझं," ते म्हणाले. "घाईत हुतो म्हणून सांगता येतंय. पर तुझं नाव दिसलंतं मला. दिसलं, आन् पुढचं वाचलंच न्हाई मी."

मग म्हणाले, "चामड्याच्या वासातनं तुला भाईर काढायची हुती."

"मला वास येतच न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "मी हितंच वाढलो की."

अप्पांनी सही केली. गुंडू म्हणाला, थांबा, पाय तेवढा उतरवून घेतो, न्हाईतर पावणं अनवाणी जाईल. त्यानं घाईनं दुसऱ्या कागदावर माप घेतलं. मग बापलेक स्कूटरवर बसले. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. भर यात्रेत गिऱ्हाईक सोडून अप्पा दुकानाबाहेर गेले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

परत आल्यावर कळलं, मॅडमनी फॉर्म उलटा करून विचारलं, हा कुणाचा पाय. अप्पांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. टेक्निकलच्या तीन जागा उरल्या होत्या. त्यातली एक हिची.

आता माझ्यावर पाय कमी. लोक मोबाइलवर पायाचा फोटो पाठवतात. फोटोतला पाय खरा की मेहुण्याचा, कुणी बघत नाही. माझ्याशेजारी दुसरी तार लटकते. सौंदर्यानं वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा केलेली, वाक जरा तिरका. शाळेचे कागद आता तिच्यावर. त्या तारेला अप्पांनी हात लावायचा नाही, असा पोरीचा हुकूम आहे, आणि ते पाळतात. निदान मी बघते तेव्हा तरी. परवा त्यांचा चष्मा सापडेना तेव्हा दुकान डोक्यावर घेतलं. पोरगी नुसती म्हणाली, "चला, शोधू." चष्मा माझ्याच चकतीवर होता. मला कुणी विचारलंच नाही.

एक मागणं आहे. संशय घ्या, मी घेऊ नका म्हणणार नाही, माझं आयुष्यच त्यावर गेलं. पण तो पोराच्या दप्तरावर घ्यायच्या आधी आपल्या हातातला कागद एकदा उलटून बघा. तो फॉर्म आता शाळेच्या फायलीत असेल. तिथं त्याला आणखी दोन भोकं पाडली असतील, फायलीची दोरी ओवायला. कुणी मोजलीच तर चार भरतील. कोपऱ्यातलं गोल आहे ना, ते पहिलं. ते तिचं.