विचारलं ते खेकड्यांबद्दल

“खेकडे खाता का? कच्चे, अर्धवट शिजलेले?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे! मला किळस येते त्यांची,” आमचे हे म्हणाले आणि खोकत वाकले. रुमालावर पुन्हा तोच विटकरी डाग.

खोटं नव्हतं ते. पण ओढ्याकाठच्या शेतांत पिंजरे लावून उंदीर धरायचे, हा यांचा जन्माचा धंदा. ज्या दिवशी घरात दुसरं काही नसायचं, त्या दिवशी चुलीवर काय असायचं ते वेगळं सांगायला नको. वरून करपलेलं, आतून लाल. नीट भाजू द्या म्हणून मी कानीकपाळी ओरडायची. पण भूक कुणाचं ऐकते होय?

क्षयाच्या गोळ्या वर्षभर गिळून झाल्या, फरक काडीचा नाही. तरी आजही हे गप्पच. का, ते मला ठाऊक होतं. आमची लेक याच वॉर्डात नर्स. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून शेजारीच उभी होती, आणि तिच्या मैत्रिणी कान देऊन ऐकत होत्या. मी तोंड उघडणार, तोच यांनी माझा हात दाबला.

“अहो, जिवापेक्षा लाज मोठी का?” मी पुटपुटले.

“माझ्या जिवाचं सोड. तिला इथं रोज यायचंय.”

लेकीनं ते ऐकलं असावं.

“बाई,” ती म्हणाली, “उंदरांमुळे होतं का हे?”

“होतं की. उंदीर खेकडे खातो. खेकड्यातला किडा त्याच्यात वाढत नाही, मांसात नुसता दडी मारून बसतो. ते मांस कच्चं राहिलं, की खाणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन मोठा होतो. का गं?”

“बाबांनी उंदीर खाल्लेत. आम्ही सगळ्यांनीच. मीपण.”

मागून कुणीतरी “ई!” केलं. यांनी मान खाली घातली. पोरीनं किती वर्षं झाकून ठेवलं होतं ते!

“बरं झालं बोललीस. औषध आहे यावर,” बाई म्हणाल्या. “आधी थुंकी तपासू.”

लेकीनं बापाच्या हातात डबी दिली. मग तोंड फिरवून खोकली. धुळीचा आहे म्हणून मला गप्प करायची, तोच खोकला. तिनं ट्रेमधली आणखी एक डबी उचलली आणि पेशंटांच्या बाकाशी आली.

यांनी सरकून तिला जागा करून दिली.