हाताला कळणारं वजन

आमच्या सर्कशीत माणसांसाठी वजनकाटा नाही, कारण आमच्याकडे सांडशी आहे. सांडशी म्हणजे माझा भाचा. वरच्या झुल्याच्या दांड्यात गुडघे अडकवून तो उलटा लटकतो आणि समोरच्या झुल्यावरून उडालेल्या माणसाला हवेत मनगटांनी झेलतो. धरलं की सोडत नाही, म्हणून लहानपणीच त्याला हे नाव पडलं. आता टपाल आलं तरी पोस्टमन सांडशी कुठाय म्हणूनच विचारतो.

उडते ती त्याची धाकटी बहीण, टाचणी. मी दोघांची आत्या. भाऊ आणि वहिनी लवकर गेले, तेव्हापासून ही दोन कार्टी माझ्या पदरात आहेत. एके काळी मीही उडत होते. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून खाली जाळीपाशी उभी राहून उडीचा इशारा देते आणि तोंड चालवते. तोंड चालवण्यात अजून मला कुणी हरवलेलं नाही.

आमच्या घराण्यात एक रिवाज आहे. उडणारीला झेललं की झेलणारा तिचं वजन सांगतो. माझे वडील झेलायचे तेव्हा तेही सांगायचे. किलोत नाही, असंच आपलं, "आज पोटभर जेवून आलीस" किंवा "आज काय उपाशी झोपलीस?" असं. झेलणाऱ्याच्या मनगटांना सगळं कळतं, यावर आमचा देवाहून जास्त विश्वास. खाली तंबूत झाडू मारणाऱ्यांनाही ते ऐकू जायचं आणि सगळे हसायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

गेल्या हंगामात सांडशीचा उजवा खांदा दुखायला लागला. एकटाच जाऊन दवाखान्यात दाखवून आला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं आत्या, स्नायू ओढलाय. होईल बरा." पण तेव्हापासून वरून येणारी वाक्यं बदलली. "टाचणे, जरा हात आवर जेवताना. खांदा मागायला लागलाय माझ्याकडे जाब." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "वाढतेयस हं तू. मला कळतंय."

वाढली तर होतीच. पोरीची बाई झाली, ते काय झाकून राहतं? मी खालून ओरडले, "नाकापेक्षा मोती जड झाला म्हणून मोत्याला कशाला बोल लावतोस? नाक मजबूत कर!" सगळा तंबू हसला. टाचणीही हसली, पण जरा उशिराने. त्यातच नव्या खेळाच्या जाहिराती छापून आल्या. त्यावर तिचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत दुहेरी कोलांटी. म्हणजे ती हवेत दोनदा फिरणार आणि तेवढ्या वेगाने भावाच्या हातात येणार. तो सगळा हिसका त्याच खांद्याला बसणार होता.

त्यानंतर तिने जेवण सोडलं असतं तर माझ्या लगेच लक्षात आलं असतं. उपाशी पोरी मी खूप पाहिल्यात. पण ती आमच्या पंक्तीला बसून नेहमीसारखी जेवायची, वर भाकरीचा तुकडा मागून घ्यायची. फक्त सकाळी बायकांच्या न्हाणीघरात तिचा मुक्काम वाढला. आमच्यात बायकांना मिळून एकच संडास, तोही त्या न्हाणीघरातच. तिथे कुणाचं पोट गुपित राहत नाही. विदूषकांची तोंडं रंगवणारी रंगवाली हातात बादली घेऊन दाराशी उभी राहायची आणि ओरडायची, "आत घर बांधलंयस का गं?"

मी विचारलं तर टाचणी म्हणाली, "पोट बिघडलंय, आत्या." मी साखर-मिठाचं पाणी दिलं, मऊ भात दिला, बाहेरचं अरबट चरबट खाते म्हणून चार शिव्याही दिल्या. पोट काही दुरुस्त होईना. सांडशी मात्र खूश होता. तिला झेलून वरून ओरडायचा, "वा! आज फुलासारखी आलीस!" तेव्हा तिचा चेहरा असा उजळायचा की मलाही बरं वाटायचं.

मधूनच चार दिवस तिचं पोट ठीक असायचं. नेमके त्याच दिवसांत तिचे पाय सुजायचे, बुटाच्या नाड्या बांधता यायच्या नाहीत, डोळ्यांखाली फुगवटा यायचा. झेलल्यावर सांडशी म्हणायचा, "आज काय कमरेला दगड बांधून आलीस?" दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाणीघर, पुन्हा फुलासारखी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सुजलेल्या पायांना मी शेक दिला आणि बूट एक माप मोठे आणले.

ज्या सकाळी ती पडली, त्या सकाळी शिडी चढायलाच तिला वेळ लागला. मध्ये दोनदा थांबली. मचाणावर पोचल्यावर हातांना पावडर लावत बराच वेळ उभी राहिली. मी खालून विचारलं, "झोप झाली नाही का?" तिने हात हलवला, ठीक आहे म्हणून. मी इशारा दिला. ती झुलली, सुरेख झुलली, आणि सोडायच्या क्षणी तिने दांडा सोडलाच नाही. सोडला तो सांडशीचा झुला परत मागे जायला लागल्यावर. त्याचे पसरलेले हात रिकामेच गेले आणि ती खाली आली. नशीब, पाठीवर आली. जाळीने उसळवलं, पुन्हा घेतलं, आणि ती तशीच पडून राहिली.

मी माझे गुडघे विसरून जाळीवर चढले. तिची बोटं आत वळून आकडली होती. मी एकेक ओढून सरळ करायची आणि ती परत वळायची. पोटऱ्यांत गोळे आले होते. ओठ कोरडे पडले होते. माझं मनगट पकडायला तिला जमेना. "आत्या, दांडा सुटतच नव्हता. आणि छातीत काहीतरी फडफडतंय," ती म्हणाली. मी घाबरले. इतकी घाबरले की मला हाकही मारता येईना. वरून सांडशी उलटा लटकलेला ओरडत होता, "अशी कशी पडली? वजन तर उतरलं होतं तिचं!"

हॉस्पिटलात तिच्या छातीला तारा लावल्या, हाताला सलाईन लावलं. डोक्याशी पडद्यावर हिरवी रेघ नाचत होती आणि मधूनच एखादा ठोका चुकवत होती. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी टाचणीला विचारलं, "उलट्या होतात? जुलाब? कसल्या गोळ्या घेतेस का?"

"नाही," टाचणी म्हणाली.

"पोट साफ होण्याच्या? वजन कमी करायच्या?"

"सांगितलं ना, काही घेत नाही."

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. मला आणि सांडशीला बाहेर व्हरांड्यात नेलं. "हिच्या रक्तात पोटॅशियम फार कमी झालंय. ते कमी झालं की स्नायू आकडतात. हृदय हाही स्नायूच आहे. तपासण्या बघून मला जवळपास खात्री आहे की ही जुलाबाच्या गोळ्या घेते. भरपूर, आणि बऱ्याच दिवसांपासून."

"ती का घेईल?" मी म्हटलं. "जुलाब थांबत नाहीत म्हणून तर आम्ही काळजीत!"

"बारीक होण्यासाठी घेतात. लोकांना वाटतं, खाल्लेलं अंगी लागायच्या आत बाहेर जाईल."

सांडशी मध्येच म्हणाला, "पण ती झाली होती बारीक. डॉक्टर, मी रोज झेलतो तिला. माझ्या हातांना कळत होतं."

"तुमच्या हातांना बरोबरच कळत होतं. वजन कमी झालं होतं, पण ते पाण्याचं." त्या समजावून सांगायला लागल्या, अगदी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. "अन्नातलं जे अंगी लागायचं ते लहान आतड्यात लागून जातं. या गोळ्यांचं काम त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात चालतं. तिथून जातं ते पाणी आणि शरीराला लागणारे क्षार. चरबी जागची हलत नाही. गोळ्या थांबवल्या की शरीर घाबरल्यासारखं पाणी धरून ठेवतं, मग पाय सुजतात, वजन वाढतं. माणसाला वाटतं आपण जाडे झालो, की परत गोळ्या. हळूहळू आतडी आळसावतात, गोळीशिवाय चालेनाशी होतात, म्हणून गोळ्या वाढत जातात. पुढे मूत्रपिंडं जातात. आणि हृदय तर कधीही दगा देतं."

मला ते मोठे बूट आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

"आज पोटॅशियम भरून काढेन मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूजही आमच्या देखरेखीखाली हळूहळू उतरेल. पण ती कबूल करत नाहीये. घरी जाऊन परत सुरू केलं, तर पुढच्या वेळी ती इथपर्यंत पोचेलच असं मी सांगू शकत नाही. तिने स्वतःहून सोडलं पाहिजे. कशासाठी घेते ते तुम्हाला ठाऊक असेल तर बोला तिच्याशी." आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

सांडशी भिंतीला टेकून खाली बसला. मी म्हटलं, "आता बस झालं. वर चढून तू काय काय बोलत होतास ते आठव." तो म्हणाला, "आत्या, ती जड झाली नव्हती."

"म्हणजे?"

"झाली असेल थोडी. पण त्याने काही फरक पडत नव्हता. खांदा आतून फाटलाय माझा. गेल्या हंगामातच सांगितलं होतं मला दवाखान्यात. ऑपरेशन करा, आणि पुन्हा झेलायचं नाही. मला एखादं पोर झेलायला दिलं असतं तरी ते जडच लागलं असतं."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"झेलणारा नसलो तर मी कोण गं? तंबूच्या दोऱ्या ओढू?" "तिला जड म्हणणं सोपं होतं."

मी त्याच्या चांगल्या खांद्यावर एक सणसणीत ठेवून दिली. नर्सने वळून पाहिलं. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" मी म्हटलं. "खांदा तुझा फाटला, आणि गोळ्या पोर गिळतेय! ऊठ. आत जा आणि जसं मला सांगितलंस तसं तिला सांग."

"आत्ता? तिची अवस्था बघ ना."

"तीच बघून सांगतेय. ऊठ!"

तो आत गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. इतका मोठा माणूस, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, दवाखान्यात काय म्हणाले तेही, आणि आपण खोटं बोललो हेही. मग माफी मागितली.

टाचणी छताकडे बघत होती. "मला वाटायचं माझ्यामुळे तुझा हात निखळेल," ती म्हणाली. "झोपले की तेच दिसायचं. तू लटकलेला आणि तुझा हात माझ्या हातात राहिलेला." तिचा आवाज चढला नाही. "फुलासारखी म्हणायचास ना, तेव्हा मी वर मचाणावर जाऊन रडायचे. आनंदाने, दादा. आनंदाने!"

"टाचणे..."

"आत्या, याला बाहेर काढ."

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि परत येऊन तिच्याजवळ बसले. माझ्या जिभेवर पन्नास गोष्टी होत्या. त्यातली एकही बोलले नाही. हे मला आयुष्यात क्वचितच जमलंय. तिची बोटं हातात घेतली. आता ती सरळ होत होती.

मग ती म्हणाली, "पडद्यांच्या पेटीत आहेत. अगदी तळाशी, फाटक्या मखमलीत गुंडाळून. जाळून टाक."

"सगळ्या तिथेच आहेत?"

"सगळ्या."

"बरं."

मी उठले, तर तिने माझा हात सोडला नाही. दुसरा हात तिने उशीखाली घातला, सलाईनची नळी सांभाळत. दुपारी केस विंचरायचेत म्हणून तिने माझ्याकडून तंबूतली पिशवी मागवून घेतली होती. उशीखालून तिने एक पाकीट काढलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. त्यात निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या.

"या आज रात्री घेणार होते," ती म्हणाली. "सलाईनने फुगेन म्हणून."

मला रडू फुटलं. ती नाही रडली. म्हणाली, "डॉक्टरबाईंना दाखव. किती घेत होते ते मी सांगते त्यांना. खरं सांगते."

"आणि दादा?"

तिने विचार केला. "त्याला उभा राहू दे अजून."

मी पाकीट घेऊन बाहेर आले. सांडशी दाराशीच होता. माझ्या मुठीकडे बघत त्याने विचारलं, "काय म्हणाली? जाऊ का आत?"

"बोलावलेलं नाही तुला," मी म्हटलं. "उभा राहा."

तो उभा राहिला.