एकाच खोलीला कुलूप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा चेपला आहे, शब्दांमध्ये जागा सोडायची लांब कळ एका बाजूने दबतच नाही, आणि विजेची वायर काढली की मी लगेच मान टाकतो. तरीही मी स्वतःला नशीबवान समजतो. कारण माझे सारे आयुष्य एका वकीलबाईंच्या टेबलावर गेले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे जात होतो आणि हातमोजे घातलेली माणसे माझ्यात एकेक भाग बसवत होती. पुढे दुकानात माझ्या शेजारी चांगले सडपातळ, चकचकीत लॅपटॉप मांडलेले होते. मी त्यांच्यात अंगाने जाडजूड. वकीलबाई आल्या, त्यांनी सगळ्यांच्या कळा दाबून पाहिल्या आणि माझ्यावर बोट ठेवले. "हा द्या. रोज मार खायची ताकद याच्यातच दिसतेय," त्या दुकानदाराला म्हणाल्या. माझी पहिली स्तुती ती हीच.

त्यांचे ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होते. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडे, आतल्या खोलीत टेबल, मी, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या फायली. खालून दिवसभर ठोकण्याचा आवाज येई. वकीलबाई टाइप करू लागल्या की तो आवाज आणि माझा आवाज एकमेकांत मिसळून जात. त्या कळांवर बोटे अशी आपटत की मला वाटे, समोरचा वकील माझ्या पोटातच लपून बसला आहे.

एके सकाळी बाकड्यावर एक तरुण आई येऊन बसली. ती बेकरीत पाव भाजायचे काम करत असे. सोबत तिची छोटी मुलगी होती. आईच्या मनगटावर काळेनिळे वळ होते, आणि ते भट्टीचे नव्हते. तिच्या नवऱ्याचा हात उठत असे. अलीकडे तो मुलीवरही उठू लागला होता.

"मला फक्त त्याला सापडायचं नाहीये," ती म्हणाली. "मुलगी माझ्याकडे राहू दे. बाकी मला त्याचं काही नको."

वकीलबाईंनी तिला पाणी दिले आणि विचारले, "तो काय करतो?"

"तो नेटवाला आहे."

वकीलबाईंनी मान वळवून माझ्या मागच्या वायरीकडे पाहिले. त्या भागातल्या घराघरांत इंटरनेट पुरवणारा तो एकच माणूस होता. त्याचीच वायर जिन्यावरून चढून आमच्या ऑफिसात आली होती. म्हणजे मी बाहेरच्या जगाशी जे काही बोलणार, ते त्याच्या दारावरूनच जाणार! घर फिरले की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वायरच त्याची होती.

वकीलबाईंनी त्या मायलेकींना दूर, डोंगराखालच्या एका गावात, आपल्या ओळखीच्या निवृत्त शिक्षिकेकडे पाठवले. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. कुणीतरी त्यांना सांगितले होते की व्हीपीएन नावाची सोय असते. आपण नेटवर कुठे जातो ते ती वायरवाल्यापासून झाकून ठेवते. त्यांनी माझ्या ब्राउझरमध्ये, म्हणजे साइट उघडायच्या प्रोग्राममध्ये, एक छोटे फुकट एक्स्टेन्शन, म्हणजे जोडपुरवणी, बसवले. कोपऱ्यात हिरवी ढाल उमटली. "चला, झालं बाई एक काम!" म्हणत त्या जेवायला उठल्या.

मित्रांनो, मला ठाऊक होते की काम अर्धेच झाले आहे. ती ढाल ब्राउझरपुरती होती. वकीलबाई ब्राउझरमध्ये जे उघडत, तेवढेच झाकले जात होते. पण माझ्यात इतरही प्रोग्राम होते. मेलचा वेगळा होता, कॉलचा वेगळा होता. ते ढालीकडे ढुंकूनही न बघता सरळ बाहेर पडत. मला हे दिसत होते, पण मला विचारले तेवढेच सांगता येते. आपणहून ओरडायची सोय माझ्यात कुणी ठेवली नव्हती.

संध्याकाळी वकीलबाई त्या आईला व्हिडिओ कॉल करत. कोर्टात काय विचारतील, काय सांगायचे, याची तयारी चाले. मध्येच मुलगी तोंड खुपसे. "वकीलमावशी, माझा दात पडला, बघा!" आणि माझा पडदाभर तिचे बोळके पसरे. वकीलबाई गंभीर चेहऱ्याने म्हणत, "पुरावा जपून ठेवा हं." मग तिघी हसत. पण ते कॉलचे अ‍ॅप दोन यंत्रांना थेट जोडत असे. आमचे बोलणे कुणाला ऐकू जात नव्हते, तरी ते कोणत्या गावाकडे चालले आहे, ते वायरवाल्याला कळू शकत होते.

आणि त्याला ते कळलेच.

एका दुपारी नेटवाला स्वतः जिना चढून आला. "लाइन बघायला आलोय," म्हणाला. त्याने भिंतीवरच्या नेटच्या डबीला उगाच हात लावला. मग खुर्चीवर बसून अगदी गोड आवाजात म्हणाला, "डोंगराखाली गारठा फार असतो हो. माझ्या मुलीला लगेच खोकला होतो. तिच्या आईला तेवढं सांगाल का?"

वकीलबाईंचा हात माझ्या कळांवर होता. त्यांनी माझे झाकण हळूच मिटले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "लाइन ठीक आहे ना? मग या आता," त्या म्हणाल्या.

त्याची पावले जिन्यावरून उतरली. वकीलबाईंनी मला हात लावला नाही, स्वतःचा फोनही उचलला नाही. त्या थोडा वेळ थांबल्या, खाली गेल्या आणि सायकलवाल्या काकांचा फोन मागून घेतला. उन्हे उतरायच्या आत मायलेकींनी ते गाव सोडले होते. त्याला गाव कळले होते, घर कळले नव्हते. तेवढीच सवड मिळाली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंची नणंद आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत असे. वकीलबाई एरवी तिला चिडवायला "वन्सं" म्हणत. त्या दिवशीही तसेच म्हणाल्या, पण चिडवण्याचे त्राण नव्हते.

"वन्सं, मी कुलूप लावलं होतं. मग चोर शिरला कुठून?"

नणंदेने माझा पडदा न्याहाळला. "वहिनी, तू एकाच खोलीला कुलूप लावलंस. घराचं दार उघडंच होतं."

"मग हे एक्स्टेन्शन फसवं म्हणायचं?"

"फसवं नाही गं, अपुरं. नुसत्या साइट बघायच्या असतील तर चालतं. हलकं असतं, चटकन सुरू होतं. पण तुझ्या कामाला पूर्ण अ‍ॅप हवं. ते मेल, कॉल, सगळंच झाकतं. आणि हे बघ, हे बसवताना तू कशाला हो म्हटलंस ते वाचलंस? तू उघडशील ते प्रत्येक पान वाचायची परवानगी दिली आहेस त्याला."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "लोकांना आयुष्यभर सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मीच!"

मग मी जे पाहिले ते विसरणार नाही. वकीलबाईंनी चष्मा पुसला आणि निरनिराळ्या व्हीपीएन कंपन्यांच्या अटी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. करार समोर आला की त्यांच्या अंगात येत असे. "नोंद ठेवत नाही म्हणतायत, पण खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा," असे म्हणून त्यांनी एकेक कंपनी बाद केली. नणंदेने समजावले, "नेटवाल्यापासून जे लपवशील, ते या कंपनीच्या हातातून जाणार. म्हणून कंपनी भरवशाची हवी." शेवटी एक पसंत पडली. एक्स्टेन्शन काढून टाकले आणि पूर्ण अ‍ॅप माझ्यात उतरले. वकीलबाईंच्या फोनवरही ते वेगळे बसवले. व्हीपीएनचे हे झाकण मध्येच निसटले तर इंटरनेटच बंद पडावे, अशी व्यवस्था नणंदेने त्यात सुरू करून दिली.

खरे सांगतो, मला ते जड गेले. माझा पंखा सारखा घरघरू लागला. प्रिंटर रुसला. व्हीपीएन चालू असले की कोर्टाची साइट तर उघडेचना. वकीलबाईंनी कुरकूर केली नाही. कोर्टाची कागदपत्रे भरायला त्या उन्हातून कोर्टात जात आणि तिथल्या कॉम्प्युटरवर बसत. "पाय दुखले तर दुखू देत," त्या नणंदेला म्हणाल्या, "मुलीचा पत्ता फुटायला नको." एकदा कॉल चालू असताना मुलीचा चेहरा एकदम नाहीसा झाला. व्हीपीएनचे झाकण निसटले होते आणि नेट आपोआप बंद झाले होते. दुसरे कुणी वैतागले असते. वकीलबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! असंच तोंड मिटून घ्यायचं."

सुनावणीच्या दिवशी मी त्यांच्या पुढ्यात उघडा होतो. नेटवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो न्यायाधीशांना हात जोडून म्हणाला, "साहेब, माझी मुलगी डोंगराखालच्या गावात गारठ्यात राहतेय. आजसुद्धा तिथेच आहे. तिला माझ्याकडे द्या."

वकीलबाई उठल्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मला माहीत आहे."

"तिच्या आईने कळवलं नाही. मी कळवलं नाही. मग कळलं कसं?"

तो घुटमळला. मग त्याचा ताठा त्याच्या तोंडून बोलला, "नेट माझं आहे. कोण कुठे बोलतं ते मला दिसतं."

न्यायाधीशांनी हातातला पेन खाली ठेवला. "वकिलांच्या लाइनवर तुम्ही पाळत ठेवत होता?"

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मुलगी त्या गावात नाही. ज्या दिवशी हे मला धमकवायला आले, त्याच दिवशी तिला हलवलं. त्यानंतर रोज बोललो आम्ही. पण यांना ते दिसू शकलं नाही."

मुलगी आईकडे राहिली. नेटवाल्याच्या कारभाराची चौकशी लागली. बाहेर व्हरांड्यात ती आई वकीलबाईंच्या गळ्यात पडून रडली आणि मी दोघींच्या मध्ये पिशवीत चेपला गेलो. झाकणाचा कोपरा वाकला तो तेव्हाच. ते मला भूषण वाटते.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. मग एक नवा, सडपातळ लॅपटॉप आला आणि मी कपाटावर गेलो. धूळ बसली. महिनोन्महिने माझे झाकण कुणी उघडले नाही. वाईट वाटले, नाही कशाला म्हणू?

आज मात्र वकीलबाईंनी मला खाली काढून पुसले आहे. मला एका वाचनालयाला देणार आहेत. पण देण्याआधी त्या माझ्यातले सगळे पुसून टाकणार आहेत. नुसते कचरापेटीत टाकणार नाहीत, कुणालाही परत काढता येणार नाही असे मुळापासून पुसणार आहेत. मुलीचे बोळके, आईचे जबाब, माझी सारी आठवण. नणंद शेजारी बसून म्हणते आहे, "वहिनी, एखादा फोटो तरी ठेव आठवण म्हणून." वकीलबाई मान हलवतात. "फोटो त्यांचा आहे. माझ्याकडे फक्त विश्वासाने ठेवला होता."

मित्रांनो, त्यांचे बोट आता सगळे पुसणाऱ्या कळेकडे निघाले आहे. म्हणून घाईने सांगतो. तुमच्या यंत्रात फक्त तुम्हीच नसता. तुमच्यावर भरवसा ठेवणारी माणसेही असतात. नुसती हिरवी खूण पाहून निश्चिंत होऊ नका. ती काय झाकते आणि काय उघडे ठेवते, ते विचारा. समजले नाही तर लाजू नका, पुन्हा विचारा. मला थोड्या वेळाने यातले काहीच आठवणार नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.