नाभीपर्यंतचा तक्ता

"पुढचं घरी वाचून घ्या रे, परीक्षेला येत नाही!"

मित्रांनो, हा आवाज माझ्या कानांत अजून घुमतो. रंगवलेले असले म्हणून काय झालं, कान ते कानच.

मी एक जुना तक्ता आहे, मानवी शरीराचा. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने मला कापडावर उतरवलं. हृदयाला डाळिंबी रंग दिला, शिरांना जांभळा. गर्भाशय रंगवताना तो गुणगुणायचा, "सगळ्यांचं पहिलं घर, बिनदाराचं, बिनकौलाचं..."

शाळेत आलो आणि विज्ञानाच्या बाईंनी मला नाभीपर्यंतच उलगडलं. खालचा भाग गुंडाळून नाडीने घट्ट बांधला. मुलं माझी फुप्फुसं दाखवून शाबासकी मिळवत राहिली. मी दुपारच्या उन्हात तरंगणारी धूळ पाहत पेंगायचो. स्वप्नात मी नदी असायचो, अर्धी उजेडात, अर्धी भुयारात.

गेल्या वर्षी सर्वांत वरच्या वर्गात एक मुलगी होती. पाय ठरत नसत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मधल्या सुट्टीत ती बाईंच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. बाईंचा चेहरा लाल झाला. भिंगरी खालमानेने परत गेली. सहामाहीनंतर ती शाळेत आलीच नाही. तिला दिवस गेले होते, हे भिंतींनाही कळलं. बोललं मात्र कुणी नाही.

यंदा त्याच वर्गात आलेली तिची धाकटी मैत्रीण उभी राहिली. "बाई, मिठाचं पाणी प्यायलं की मूल राहत नाही म्हणतात. भिंगरीलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. खरं का हो?"

"घरी वाच."

"घरी पुस्तक उघडलं की आई मिटते. मग वाचू कुठं?"

बाईंनी माझी नाडी सोडली. इतक्या वर्षांच्या घड्या कुरकुरत उलगडल्या. मागून कुणीतरी खिदळलं.

"हस बाबा पोटभर," बाई म्हणाल्या. "हसून झालं की लिहून घे. मिठाच्या पाण्याने काही होत नाही."

मग बाई सांगत गेल्या. मनात नसेल तर 'नाही' म्हणायचा हक्क, निरोध, डॉक्टरांना विचारून घ्यायच्या गोळ्या, अंगावर काढू नयेत असे आजार. बोलता बोलता लाजेचा आवाज साधा झाला. मित्रांनो, जे शरीर जन्मभर सांभाळायचं, त्याची अर्धी ओळख गुंडाळून ठेवू नका.

घंटा झाली, कुणी उठेना. बाईंनी नाडी उचलली, पण मला गुंडाळलं नाही.

"भिंगरी आधी मलाच विचारायला आली होती," त्या म्हणाल्या. "मला सगळं माहीत होतं. मी तिला म्हटलं, जा, अभ्यास कर."