मोडेमला मिळालेली शाबासकी

मी एक जुना मोडेम आहे. मित्रांनो, मोडेम म्हणजे काय, हे तुम्हांला आईबाबांना विचारावं लागेल. आता मी कपाटात मोडक्या स्टेपलरशेजारी पडून असतो. पण एके काळी एका दवाखान्यातल्या रुग्णांचे अहवाल मीच टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या डॉक्टरांना पाठवत असे.

तेच शब्द पुन्हा आले, की मी पुढे नुसती खूण पाठवी. मजकूर दाबून लहान करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं! पुढे अहवाल गुप्त राहावेत म्हणून ते कुलूपबंद होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी गिचमिड होऊन, येऊ लागले. त्या गिचमिडीत पुन्हा येणारं काही सापडेचना. सगळे मला ठोंब्या म्हणू लागले.

तेव्हा एक नवी प्रोग्रामर आली. हुशार, पण उतावळी. तीन दिवसांत तिने स्वतःचं कुलूप रचलं आणि चाचणीसाठी, ताईला पाठवायचं राहिलेलं पत्र त्यात घालून शेजारच्या खोलीत पाठवलं. मी ते चुटकीसरशी दाबलं. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी केवढा फुशारलो! दुसऱ्या दिवसापासून सगळे अहवाल याच कुलपातून जाणार होते.

तिच्या वरिष्ठ बाईंच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. "कुलूपबंद मजकूर इतका दबतोच कसा?" त्यांनी ती गिचमिड छापून घेतली आणि दुपारभर पेन्सिल घेऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिसरा महिना ना गं? घरी सांगितलं नाहीस अजून?"

ती पांढरीफटक पडली. "बाई, तुम्हांला किल्ली कुठे मिळाली?"

"किल्लीची गरजच पडली नाही. 'ताई', 'आहे' दर वेळी त्याच खुणांनी आलेत. उद्या चाळीस रुग्ण असेच उघडे पडले असते. कुलपं करायचीत ना? मग आधी दुसऱ्यांची फोडायला शीक. आणि मजकूर आधी दाबायचा, मग कुलूप. आता जा, काहीतरी खाऊन घे."

तिने आपलं कुलूप त्याच दिवशी पुसून टाकलं. मग वर्षभर ती जेवणाच्या सुट्टीत जुनी कुलपं फोडत बसे. अहवाल आता आधीच दाबून, पारखलेल्या कुलपात येत. मला दाबायला काही उरलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, कुणाचं गुपित तुमच्या हाती आलं, तर कुलूप आधी स्वतः फोडून पाहा. तिची ती गोड बातमी ताईच्या आधी बाईंना कळली. ती परत झाकणं कुणालाच जमलं नाही.