मोठ्या अक्षरांचा पेपर

"पप्पा, हे पैसे कसले?" प्रार्थनाने क्रेडिट कार्डाचं बिल वडिलांसमोर धरलं. "दर महिन्याला कापले जातायत. कंपनीचं नावही ओळखीचं नाही. कोणीतरी फसवतंय तुम्हाला. मी तुमचं कार्ड बंदच करते."

शलमोनरावांनी बिल उलटं करून ठेवलं. भिंगारच्या कॅन्टोन्मेंट कचेरीत उभी हयात कारकुनी केलेला हा माणूस. लेकीने दिलेल्या कार्डावर त्यांनी औषधांखेरीज काही घेतलं नव्हतं. म्हणजे, एक गोष्ट सोडून. पण ती कबूल करायची तर चारचौघांतली अब्रूच जायची.

प्रार्थनाने ते नाव नेटवर शोधलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही तर आपल्या पेपरचीच कंपनी! पहिला महिना फुकट, मग वर्गणी आपोआप कापायची. पण घरी छापील पेपर येतो ना? मग मोबाईलवर कशाला?"

शलमोनरावांनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओट्यावर शेजारच्या मालनबाई आणि बाकीची मंडळी जमली होती. रोज सकाळी शलमोनरावांनी खणखणीत आवाजात पेपर वाचायचा आणि मंडळींनी चहा पीत ऐकायचा, हा गल्लीचा नेमच होता.

"दिसत नाही गं मला," ते अखेर पुटपुटले. "पहाटे मोबाईलवर अक्षरं मोठी करून पाठ करतो. पेपर नुसता हातात धरतो."

प्रार्थनाचे डोळे भरून आले. तिने त्यांचा मोबाईल उघडला आणि तिला हसूच फुटलं. "पप्पा, ही आवृत्ती सोलापूरची आहे, आपल्याकडची नाही!"

'शहरात दोन दिवस पाणी बंद' हे त्यांनी गेल्याच आठवड्यात वाचलं होतं. बिचाऱ्या मालनबाईंनी वाट्यासुद्धा भरून ठेवल्या होत्या.

"वर्गणी राहू दे, आवृत्ती बदलते. आणि सोमवारी डोळे दाखवायचे. कुरकुर चालणार नाही."

शलमोनराव मोबाईल घेऊन ओट्यावर आले. त्यांनी सगळं सांगून टाकलं, पाण्यासकट.

मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. "आवो, पाठ म्हनता ते ठावं हाय आमाला. पान न उलटताच पुढल्या पानाची बातमी सांगता तुमी."

"मग बोलला का नाहीत?"

"कशापायी? तुमच्यावानी कुनी वाचत न्हाई. बसा, वाचा आता."

शलमोनरावांनी बोटांनी अक्षरं ताणून मोठी केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर अडखळत, थांबत थांबत पेपर वाचला. बराच वेळ लागला. कोणीही उठलं नाही.